ठिगळ, गाठ आणि कवटी

इंग्लंडच्या वायव्येला लँकेस्टर नावाचे जुने गाव आहे. १९३० साली तिथल्या डॉल्टन स्क्वेअर या चौकात, दोन नंबरच्या घरावर डॉ. बक रक्स्टन अशी पाटी लागली. नाव इंग्रजी वळणाचे असले तरी माणूस मुंबईचा होता. बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम हे त्याचे मूळ नाव. पारशी कुटुंबात १८९९ साली जन्मलेल्या या माणसाने मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली, सैन्याच्या वैद्यकीय सेवेत बसरा-बगदादकडे काम केले आणि शल्यविशारद होण्याच्या इच्छेने स्कॉटलंडमधले एडिंबरो गाठले. तिथली एफआरसीएसची परीक्षा त्याला काही सुटली नाही. पण मुंबईची पदवी ब्रिटनमध्ये मान्य होती, आणि तेवढ्या आधारावर त्याला दवाखाना घालता आला.

लँकेस्टरमध्ये त्याने चांगले नाव कमावले. ब्रिटनमध्ये सरकारी मोफत आरोग्यसेवा यायला अजून अठरा वर्षे होती. लिनोलियमच्या आणि कापडाच्या कारखान्यांत राबणाऱ्या लोकांना डॉक्टरची फी जड जाई. रक्स्टन अशांकडून अनेकदा पैसे घेत नसे. पुढे त्याला फाशी सुनावली गेली, तेव्हा दयेच्या अर्जावर दहा हजारांहून अधिक सह्या झाल्या. त्यांत ही कृतज्ञता नक्कीच होती.

घराच्या आतले चित्र वेगळे होते. त्याच्याबरोबर संसार करणारी इझाबेला ही एडिंबरोची बाई. तिथे ती एक कॅफे चालवत असे. एका डच माणसाशी झालेले तिचे पहिले लग्न मोडले होते. रक्स्टनचेही मुंबईत आधी लग्न झालेले होते, त्यामुळे या दोघांचा विवाह कायद्याने कधीच लागला नाही, पण गावात ती मिसेस रक्स्टन म्हणूनच ओळखली जाई. तीन मुले झाली. इझाबेला हुशार, माणसांत मिसळणारी आणि स्वतःची मोटार स्वतः चालवणारी बाई होती. तिचे हे मोकळेपण रक्स्टनला सोसवत नसे. ती कोणाशी बोलली, कुठे गेली, यावर त्याची नजर असे. गावच्या कचेरीतल्या एका तरुणाशी तिचे संबंध आहेत, असे त्याने मनाशी पक्के धरले होते. भांडणे, मारहाण, धमक्या हे सारे चालू होते. एकदा ती सगळे सोडून एडिंबरोला निघूनही गेली आणि मुलांसाठी परत आली. पोलीस त्या घरात याआधी येऊन गेले होते. नवराबायकोचे भांडण समजून त्यांनी ते तिथेच सोडले. ते त्याच वेळी कोणी मनावर घेतले असते, तर पुढची सारी शास्त्रीय करामत लागलीच नसती.

या घरात मुलांना सांभाळायला मेरी जेन रॉजरसन नावाची वीस वर्षांची मुलगी होती. ती जवळच्या मोरकॅम्ब गावची, साध्या कष्टकरी घरातली. सुट्टी मिळाली की ती आईवडिलांकडेच जाई. आई सावत्र होती, पण मेरीवर तिची माया होती, आणि पुढे या मायेतूनच एक महत्त्वाचा पुरावा निघाला.

१४ सप्टेंबर १९३५ हा शनिवार होता. इझाबेला आपल्या बहिणींना भेटायला आणि तिथली प्रसिद्ध रोषणाई बघायला मोटारीने ब्लॅकपूलला गेली. रात्री साडेअकराच्या सुमारास ती परत निघाली. मोटार घरी पोहोचली हे नक्की, कारण दुसऱ्या दिवशी ती रक्स्टन चालवत होता. इझाबेला आणि मेरी त्यानंतर कोणालाही जिवंत दिसल्या नाहीत.

त्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता रक्स्टन आपल्या मोलकरणीच्या दारात उभा राहिला. आज कामावर येऊ नका, बायको आणि मेरी सहलीला गेल्या आहेत, असे त्याने सांगितले. डॉक्टर स्वतः असा निरोप द्यायला याआधी कधी आला नव्हता. त्याच्या हाताला खोल जखम होती. मुलांसाठी फळांचा डबा उघडताना कापले, असे तो ज्याला त्याला सांगत होता. मुलांना त्याने एका मित्राच्या घरी नेऊन सोडले. दुपारी आपल्या एका गरीब रोगी बाईला घर साफ करायला बोलावून आणले. तिने पाहिले, तर जिन्यावरचे गालिचे उचललेले, न्हाणीघरातल्या टबवर पिवळट डाग, जिन्यावर गवताच्या काड्या. मजुरीबरोबर त्याने तिला डागाळलेले गालिचे आणि स्वतःचा एक सूट देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरी गेला आणि सुटावरची आपल्या नावाची चिठ्ठी कापून टाकायला सांगू लागला. तिने गालिचा धुवायला घेतला, तेव्हा बादल्यांमागून बादल्या ओतल्या तरी पाणी लालच येत राहिले.

या बायकांनी तेव्हा आरडाओरडा केला नाही. डॉक्टरविषयी आदर होता, आणि त्यांची रोजीरोटी अशाच घरांवर अवलंबून होती. पण त्यांनी जे पाहिले ते नीट पाहिले आणि लक्षात ठेवले. कोणती खोली कुलूपबंद होती, कोणता गालिचा कुठून निघाला, अंगणात काय जाळले जात होते, हे सारे त्यांनी पुढे न्यायालयात तपशिलाने सांगितले.

मंगळवारी, १७ तारखेला, उत्तरेकडून लँकेस्टरला येणाऱ्या रस्त्यावर केंडल गावात एका मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली. मोटार थांबली नाही. सायकलस्वाराने नंबर टिपला आणि पुढच्या गावात पोलिसांनी गाडी अडवली. गाडीत डॉ. रक्स्टन आणि त्याचे धाकटे मूल होते. किरकोळ अपघात म्हणून वहीत नोंद झाली. पण त्या दिवशी हा माणूस केंडलच्या रस्त्यावर होता, एवढे कायमचे कागदावर आले.

लँकेस्टरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, स्कॉटलंडच्या हद्दीत, मॉफॅट गावाजवळ डोंगरातून एक ओढा खाली येतो. त्या जागेला गार्डनहोम लिन म्हणतात. रस्ता तिथे एका जुन्या दगडी पुलावरून जातो. २९ सप्टेंबरला, पुन्हा एका रविवारी, सुट्टीसाठी आलेल्या एका तरुणीने पुलावरून खाली पाहिले, तर गाठोड्यातून बाहेर आलेला माणसाचा हात दिसला. पोलीस आले. त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत ओढ्यातून, काठांवरून आणि आसपासच्या रानातून मिळून सुमारे सत्तर तुकडे गोळा झाले. दोन मस्तके होती. काही भाग महिनाभराने आणखी लांब सापडले. एका देहाचे धड तर कधीच मिळाले नाही.

मॉफॅट ज्या परगण्यात येते, त्या डंफ्रीझशायरचे पोलीस दल लहान, खेड्यापाड्यांतले. त्यांनी एक गोष्ट अगदी अचूक केली. अवशेष ज्यांत गुंडाळले होते ती प्रत्येक चिंधी आणि कागदाचा प्रत्येक कपटा त्यांनी जपून ठेवला. फाटक्या चादरी होत्या, उशीचा अभ्रा होता, एक ब्लाउज होता, लहान मुलाचा झबल्यासारखा एक रोंपर होता आणि भिजलेली वर्तमानपत्रे होती. अवशेष एडिंबरो विद्यापीठाच्या शरीररचना विभागात पाठवण्यात आले.

तिथे जी माणसे जमली, ती त्या काळातली या विषयातली सर्वांत जाणकार होती. ग्लासगो विद्यापीठाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर, एडिंबरोचे शरीररचनेचे प्राध्यापक जेम्स ब्रॅश, तिथलेच न्यायवैद्यकाचे प्राध्यापक सिडनी स्मिथ आणि दंतवैद्यक शिकवणारे आर्थर हचिन्सन. पहिला प्रश्न होता की हे देह किती आणि कोणाचे. सुरुवातीला त्यांतला एक पुरुषाचा असावा असे वाटले होते आणि वर्तमानपत्रांतही तसेच छापून आले. लँकेस्टरमध्ये ती बातमी वाचून रक्स्टनने आपल्या मोलकरणीला दाखवले की बघा, ती एक बाई आणि एक पुरुष आहे, म्हणजे आपल्या दोघी नव्हेत. त्याने हे आपण होऊन बोलावे, हेही तिने लक्षात ठेवले.

ब्रॅश यांनी हाडाला हाड, मणक्याला मणका जुळवत दोन सांगाडे उभे केले. दोन्ही देह स्त्रियांचे निघाले. कवटीचे सांधे, दात आणि क्ष-किरणांत दिसणारी हाडांच्या टोकांची वाढ यांवरून वय ठरवले गेले. पहिली स्त्री अठरा ते पंचवीसमधली, बहुधा वीस-एकवीसची. दुसरी पस्तीस ते पंचेचाळीसमधली. मेरी वीस वर्षांची होती आणि इझाबेला पस्तिशीला काही महिने कमी होती.

देह कापणाऱ्याला शरीररचनेचे ज्ञान होते, हे प्राध्यापकांच्या लगेच ध्यानात आले. करवत लावलेली नव्हती. सांधे नेमक्या जागी सुरीने सोडवलेले होते. चेहऱ्यांवरचे डोळे, कान, ओठ, नाक काढून टाकलेले, काही दात मृत्यूनंतर उपटलेले, काही बोटांची टोके कापलेली. ओळख पटू नये म्हणून हे सारे केलेले होते आणि तिथेच करणाऱ्याचा घात झाला. एखाद्या अडाण्याने चेहरा ठेचला असता. या माणसाने ओळखीची प्रत्येक खूण निवडून काढली होती. पुढे या दोघी कोण असाव्यात याचा संशय आला, तेव्हा घरच्यांकडून खुणांची यादी मागवली गेली. मेरीच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता. पहिल्या मस्तकातले डोळेच नव्हते. मेरीच्या हातावर जन्मखूण होती. त्या हाताची नेमकी तेवढी त्वचा सोललेली होती. इझाबेलाच्या पायाच्या अंगठ्याशी हाड वाढलेले होते. दुसऱ्या देहाच्या पायाचा तो भाग कापलेला होता. तिच्या पोटऱ्या घोट्यापर्यंत जाड होत्या; दुसऱ्या देहाच्या पोटऱ्यांचे मांस काढलेले होते. दोन अनोळखी बायकांच्या बाबतीत एवढे योगायोग एकाच जागी जमणे शक्य नव्हते.

तरीही त्याच्याकडे वेळ कमी होता. पहाट होत होती, मुले वरच्या मजल्यावर झोपलेली होती, हाताला जखम झाली होती. मेरीच्या हातांची बोटे शाबूत राहिली. दुसऱ्या स्त्रीच्या गळ्यातले जिभेखालचे नाजूक हाड मोडलेले तसेच राहिले आणि त्यावरून गळा आवळल्याचे कळले.

रक्स्टनने शरीरांचा विचार केला होता. कपड्यांचा केला नव्हता. हाताला आले त्यात त्याने सारे बांधले, आणि तपासाची दिशा त्यावरूनच ठरली.

वर्तमानपत्राचा एक कागद ‘संडे ग्राफिक’चा होता, तारीख १५ सप्टेंबर १९३५. म्हणजे गाठोडी त्या दिवसाच्या आधीची नव्हती. फाटलेल्या मथळ्यात कार्निव्हल राणीच्या मुकुटधारणाची बातमी होती. पोलिसांनी पत्राच्या कचेरीत चौकशी केली. हे पान फक्त मोरकॅम्ब आणि लँकेस्टर भागासाठी काढलेल्या खास आवृत्तीचे होते, कारण तो कार्निव्हल मोरकॅम्बचा होता. त्या आवृत्तीच्या ३,७०० प्रतीच छापल्या गेल्या होत्या. डॉल्टन स्क्वेअरच्या दोन नंबरच्या घरी त्या रविवारी हे पत्र टाकले गेले होते. स्कॉटलंडमधल्या ओढ्याचा शोध आता इंग्लंडमधल्या एका छोट्या पट्ट्यावर येऊन ठेपला.

इकडे मेरीचे आईवडील स्वस्थ बसले नव्हते. मेरीला दिवस गेले आहेत, ते प्रकरण मिटवायला माझ्या बायकोने तिला बाहेरगावी नेले आहे, असे रक्स्टनने त्यांना सांगितले होते. पोरीच्या अब्रूच्या भीतीने हे लोक गप्प बसतील, असा त्याचा अंदाज असावा. तो चुकला. आमची मुलगी असे करणार नाही आणि केलेच असेल तरी आम्हाला कळवल्याशिवाय राहणार नाही, या विश्वासाने त्यांनी पोलिसांत तक्रार नोंदवली. ९ ऑक्टोबरला ही बातमी ग्लासगोच्या ‘डेली रेकॉर्ड’मध्ये आली. ती वाचून डंफ्रीझशायरच्या पोलीसप्रमुखांनी लँकेस्टरला फोन लावला.

मेरीच्या सावत्र आईपुढे तो ब्लाउज ठेवला गेला. तिने तो उलटा करून काखेखालचे ठिगळ दाखवले. ते तिनेच शिवले होते. जुना ब्लाउज विकत घेऊन, झिजला तिथे ठिगळ लावून, तिने तो मेरीला दिला होता. रोंपर एका दुसऱ्या बाईने ओळखला. रक्स्टन कुटुंब सुट्टीला ज्यांच्याकडे उतरले होते, त्या बाईने तो आपल्या मुलाचा जुना कपडा म्हणून मेरीला दिला होता. त्याच्या इलॅस्टिकला तिने स्वतः एक विशिष्ट गाठ मारली होती, आणि ती गाठ अजून तशीच होती. गरीब घरांत कपडा टाकून देत नाहीत, दुरुस्त करून वापरतात. ही दुरुस्ती ओळखीची खूण होऊ शकते, हे डॉल्टन स्क्वेअरच्या डॉक्टरला सुचले नाही. न्यायवैद्यकाची पुस्तके या खटल्यातल्या कवटीच्या छायाचित्रांना पहिला मान देतात. मला विचाराल तर तो मान ठिगळाला आणि गाठीला आहे. त्यांच्याशिवाय पोलीस त्या दारापर्यंत इतक्या लवकर पोहोचलेच नसते.

या दिवसांत रक्स्टन स्वतःच पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होता. लोक नाही नाही ते बोलतात, माझा दवाखाना बसला, तुम्ही जाहीर करा की त्या अवशेषांचा माझ्याशी संबंध नाही, असा त्याचा धोशा होता. आपण त्या दिवसांत कुठे कुठे होतो याचे टाचणही त्याने लिहून आणले. लँकेस्टरचे पोलीसप्रमुख हेन्री व्हॅन यांनी ते ठेवून घेतले. १२ ऑक्टोबरच्या रात्री त्याला बोलावून रात्रभर प्रश्न विचारले गेले, आणि १३ तारखेच्या सकाळी मेरीच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. इझाबेलाच्या खुनाचा आरोप ५ नोव्हेंबरला ठेवला गेला.

आता घराची पाळी आली. ग्लेस्टर यांनी जिना, कठडे, न्हाणीघर तपासले. रक्ताचे डाग मिळाले, तसे जिन्याचे आणि न्हाणीघराचे भाग आणि तो टबही उचलून ग्लासगोला नेण्यात आला. ग्लासगो पोलिसांच्या ठसे विभागातले अधिकारी बर्टी हॅमंड घरातल्या वस्तूंवरचे ठसे घेऊ लागले. मेरीच्या डाव्या हाताचे ठसे त्या घरातल्या, तिच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंवर मिळाले. पुढे सापडलेल्या उजव्या हाताची वरची कातडी पाण्याने गळून गेली होती. हॅमंड यांनी खालच्या थराचे ठसे घेतले. बोटांच्या रेषा आतल्या थरातही उमटलेल्या असतात, हे माहीत होते. पण खुनाच्या तपासात त्याचा असा उपयोग नवा होता. ठशांच्या ज्या वर्गीकरणावर ब्रिटनचे पोलीस विसंबत होते, ते कोलकात्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मेहनतीतून घडलेले होते. १८९७ साली तिथेच ठशांची कचेरी निघाली, आणि चार वर्षांनी ती पद्धत त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्याबरोबर स्कॉटलंड यार्डात पोहोचली. भारतातून इंग्लंडला गेलेल्या डॉक्टरला पकडायला भारतातूनच गेलेली विद्या कामी आली.

आणखी दोन माणसांचे काम इथे सांगायला हवे. ग्लासगोचे अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे अवशेषांवरच्या अळ्या पाठवल्या गेल्या. त्या निळ्या मांसमाशीच्या होत्या, आणि त्यांच्या वाढीवरून अंडी बारा-चौदा दिवसांपूर्वी घातली गेली असावीत असे त्यांनी सांगितले. २९ सप्टेंबरपासून मागे मोजले, तर तारीख सप्टेंबरच्या मध्याला येते. ब्रिटनमध्ये कीटकांवरून मृत्यूची वेळ ठरवण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. दुसरे काम मँचेस्टरच्या कापड तपासनीसाचे. अवशेष बांधलेली चादर आणि इझाबेलाच्या पलंगावरची चादर यांच्या किनारीत विणकामाचा तोच दोष होता. साच्यावर धाग्याची चूक झाली की ती त्या ठराविक लांबीच्या कापडातच येते, पुढच्या ताग्यात नाही. गिरणगावातल्या कोणत्याही जुन्या साचेवाल्याने हे मान हलवून कबूल केले असते. म्हणजे दोन्ही चादरी एकाच जोडीतल्या असणार.

मग आले छायाचित्र. इझाबेलाचे एक स्टुडिओतले चित्र होते, त्यात तिने डोक्यावर मुकुटासारखे आभूषण घातलेले होते. तपासणाऱ्यांनी ते आभूषण मिळवले आणि मोजले, म्हणजे चित्रातल्या चेहऱ्याचे खरे माप काढता आले. ब्रॅश यांनी दुसरी कवटी त्याच कोनात ठेवून तिचे छायाचित्र घेतले, दोन्ही एकाच मापाला आणली आणि पारदर्शक करून एकावर एक ठेवली. भुवया, नाकाचे हाड, जबडा, हनुवटी यांच्या रेषा आश्चर्यकारक रीतीने जुळल्या. उलट, पहिली कवटी त्या चित्रावर बसेना. मेरीची छायाचित्रे घरगुती, हसऱ्या चेहऱ्याची आणि पुरेशी स्पष्ट नव्हती, त्यामुळे तिच्याबाबत निष्कर्ष तेवढा ठाम नव्हता. हे ब्रॅश आणि ग्लेस्टर यांनी लपवले नाही. त्यांनी जिलेटिन आणि ग्लिसरीन वापरून पायांचे साचेही केले. ते दोघींच्या जोड्यांत व्यवस्थित बसले.

खून इंग्लंडमध्ये आणि अवशेष स्कॉटलंडमध्ये, म्हणजे कायदेही दोन. पण गुन्हा लँकेस्टरच्या घरात घडल्याचा पुरावा जमला होता, म्हणून खटला मँचेस्टरला चालला. २ मार्च १९३६ ला तो सुरू झाला आणि ११ दिवस चालला. न्यायमूर्ती सिंगल्टन. फिर्यादीकडून जे. सी. जॅक्सन, त्यांना डेव्हिड मॅक्सवेल फाइफ आणि हार्टली शॉक्रॉस यांचे साहाय्य. बचावाला नॉर्मन बर्केट, त्या पिढीतले सर्वांत नावाजलेले फौजदारी वकील. दहा वर्षांनी यांतले तिघे न्यूरेंबर्गच्या न्यायालयात पुन्हा एकत्र दिसले, दोघे अभियोक्ते म्हणून आणि बर्केट पर्यायी न्यायाधीश म्हणून. त्या काळच्या रीतीप्रमाणे आरोपपत्र एकाच खुनाचे होते, इझाबेलाच्या. मेरीचे नाव प्रत्येक साक्षीत येत राहिले. तिच्या खुनाचा खटला मात्र कधी उभा राहिला नाही.

बर्केट यांनी ओळखीच्या पुराव्यावर सगळा भर दिला. हे देह इझाबेलाचे आणि मेरीचे आहेत, हेच मुळात सिद्ध होत नाही, असा त्यांचा पवित्रा होता. कवटीच्या छायाचित्रांवर त्यांनी जोरदार हरकत घेतली. चित्र मोठे करताना आणि कोन जुळवताना थोडा फरक पडला तरी जुळणी फसवी ठरते, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्तींनी चित्रे पुराव्यात घेतली, पण ज्युरीला ती सावधपणे पाहायला सांगितले. हे योग्यच होते. नवे तंत्र दिसायला प्रभावी असले की ज्युरी त्याला भुलू शकते, आणि इथे तर एका माणसाचा जीव पणाला लागलेला होता.

शंभरहून अधिक साक्षीदार झाले. प्राध्यापक बोलले, तशाच मोलकरणी, घर साफ करणारी ती रोगी बाई, रोंपर देणारी बाई आणि मेरीची आईही बोलली. बचावाचा साक्षीदार एकटा रक्स्टन. तो पिंजऱ्यात रडला, कधी भडकला, कधी भावुक झाला, पण प्रश्नांपुढे टिकला नाही. त्या दिवसांत हाताळलेले गालिचे, सूट, जळलेले कपडे, बायकोच्या जाण्याची दर खेपेला बदलणारी कहाणी, यांतल्या कशाचाच त्याला नीट खुलासा करता आला नाही. हाताची जखम डबा उघडताना होण्यासारखी नव्हती, हे डॉक्टरांनीच सांगितले. १३ मार्चला ज्युरी तासाभरात परतली. शिक्षा फाशीची. अपील २७ एप्रिलला फेटाळले गेले, आणि १२ मे १९३६ ला मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली.

पुढच्याच रविवारी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने त्याचा कबुलीजबाब छापला. अटकेच्या दुसऱ्या दिवशी लिहून त्याने तो बंद पाकिटात ठेवायला दिला होता. इझाबेला परपुरुषाबरोबर होती या समजाने संतापाच्या भरात तिला मारले, मेरी तिथे हजर होती, म्हणून तिलाही मारावे लागले, असा त्याचा आशय. न्यायालयात शपथेवर जे नाकारले तेच त्यात होते. त्या तीन-चार ओळींत मेरीचा दोष एवढाच दिसतो की ती त्या घरात आपले काम करत होती.

खटल्याचे परिणाम दूरवर गेले. ग्लेस्टर आणि ब्रॅश यांनी १९३७ साली या तपासावर पुस्तक लिहिले, आणि न्यायवैद्यकात ते आजही वाचले जाते. पोलीस, शरीररचना, दंतवैद्यक, कीटकशास्त्र, ठसे, कापडशास्त्र यांनी एकत्र बसून एका प्रकरणाचा उलगडा करायची रीत त्यातून रूढ होत गेली. तोवर इंग्लंडमध्ये न्यायालयात एखादा मोठा नामवंत तज्ज्ञ उभा राहायचा आणि त्याच्या शब्दावर ज्युरी विश्वास ठेवायची. रक्स्टनच्या प्रकरणात कोणा एकाच्या शब्दावर काही उभे नव्हते. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या कामाने तपासले जात होते.

भारतातल्या न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही हा खटला असतो, आणि मुंबईत वैद्यकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तो मुंबईच्याच एका पदवीधराच्या नावाने अभ्यासावा लागतो. कवटी आणि छायाचित्र जुळवण्याचे तंत्र आपल्याकडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी उचलले, पुढे संगणकाच्या मदतीने सुधारले. अनोळखी सांगाडा सापडला आणि नातेवाइकांकडे एखादे जुने छायाचित्र असले, की ते वापरले जाते. मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या जुळणीला एकट्याने निर्णायक मानलेले नाही. इतर पुराव्याला आधार देणारे तज्ज्ञाचे मत एवढेच तिचे स्थान आहे, आणि डीएनए चाचणी शक्य असेल तिथे ती करावी, अशी अपेक्षा असते. मँचेस्टरमध्ये बर्केट यांनी घेतलेली हरकत आपल्याकडचे बचावाचे वकील अजून घेतात, आणि न्यायालये ती ऐकून घेतात.